आधी तू बोल

४ फेब्रुवारी

रोज लिहीन असा शब्द देत नाही. काही घडेल तेव्हा लिहीन. आज घडलं.

मिसेस आरियागांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. आमच्या कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्यांचा जो सेतू वर्ग आहे, त्याच्या त्या समुपदेशक. उन्हाळाभर टेकडीवरच्या विद्यापीठात राहून शिकायचं आणि मग तिथेच तिसऱ्या वर्षाला बसायचं. फी माफ, राहणं-जेवण माफ. आमच्या कॉलेजातून दरवर्षी दोघं जातात. बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "आइलिनी, फुआतिनो, जागा पक्क्या समजा."

फुआतिनोने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मी तिथल्या तिथे उभी राहून आभाराचं भाषण केलं. बाईंना फोन घ्यायचा होता, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

मला वकील व्हायचंय. पाच वर्षांपूर्वी बंदरातल्या आमच्या गोदामाने काही बायकांना कामावरून काढलं. त्यांनी मुतारीला जाण्याची सुटी मागितली होती, एवढाच त्यांचा गुन्हा. मी फोर्कलिफ्टवरून उतरले आणि फाटकावर बोलले. लोक रडले, लोकांनी आरोळ्या दिल्या, पोलीससुद्धा ऐकत उभा राहिला. मग कंपनीचा वकील आला, टेबलाशी बसला, हळू आवाजात बोलला आणि बायका हरल्या. त्या दिवसापासून मला त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची हवी आहे. वाचायला मी कधीच कमी पडले नाही. प्रजासत्ताकं कशी उभी राहतात आणि कशी विकली जातात हे मी जेवणाच्या सुटीत, क्रेनच्या सावलीत बसून वाचलं आहे. पण वाचलेल्याला खुर्ची मिळत नाही. शिक्का लागतो.

फुआतिनो बावीस वर्षांची. आमच्याच चर्चमधली. आईबरोबर ऑफिसं झाडते. काय शिकणार विचारलं तर म्हणते, "बघू." मी तिला समाजकार्य घ्यायला सांगितलंय. तिच्या स्वभावाला शोभेल.

१९ फेब्रुवारी

वर्गात प्राध्यापकांनी फुआतिनोला प्रश्न केला, बंदराच्या आसपास राहणाऱ्या लोकांना काय सोसावं लागतं. पोरगी नेहमीसारखी गप्प. मी तिची सुटका केली. ट्रकचा धूर, तेलकारखान्यांच्या चिमण्या, मुलांचा दमा, सगळं मांडलं. प्राध्यापक टेबलावर टेकून ऐकत राहिले.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "मी सांगणार होते."

"मग सांगायचंस ना!"

"तू श्वास घ्यायला थांबलीस की सांगणार होते."

इतके हसलो दोघी की माझा सिग्नल चुकला. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याच्याकडे बघून पुन्हा हसलो. पाठची बहीण नाही मला. असती तर अशीच असती.

१ मार्च

युवक दिनासाठी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना फाआताऊ शिकवला. आपल्या बेटांपासून दूर, इथे कार्सनमध्ये जन्मलेली ही पोरं, यांना रस्त्यावरची सगळी गाणी येतात आणि आपली सामोआची रीत येत नाही. मी सांगितलं: गावात मोठा प्रसंग असतो तेव्हा बोलणारे सरदार एकदम भाषण सुरू करत नाहीत. आधी उभे राहून एकमेकांना मान देतात. हा म्हणतो, तू थोर, तू बोल. तो म्हणतो, छे, तुझ्यापुढे मी कोण, तू बोल. असं फिरत राहतं. शेवटी सगळे मागे सरतात आणि एक जण बोलणाऱ्याची काठी घेऊन पुढे होतो. तोपर्यंत कोण किती पाण्यात आहे हे ऐकणाऱ्याला कळून चुकलेलं असतं.

एक पोरगा म्हणाला, "मग सरळ नाणं उडवा की!" त्याला मी खाली बसवलं.

नमुना म्हणून मी आणि फुआतिनो उभ्या राहिलो. ती फार सुंदर मागे सरते. मान खाली, हात जोडलेले, आवाज मऊ. प्रत्येक वेळी शेवटी काठी माझ्याच हाती आली. पापा कोपऱ्यात कोको पीत बसले होते. तीस वर्षं ते स्वतः बोलणारे सरदार होते, अजून लोक त्यांना लग्नात बोलायला न्यायला येतात. म्हणाले, "ही पोरगी फार सहज देते."

मी म्हटलं, "याला संस्कार म्हणतात, पापा."

"मी कुठं नावं ठेवली? कोको संपला, एवढंच सांगत होतो."

२० मार्च

दगा! दुसरा शब्द नाही.

मिसेस आरियागांनी बोलावलं. निधी कापला गेला. आमच्या कॉलेजातून यंदा एकच जागा. दोघींना समितीपुढे एकत्र बसवून बोलतील आणि एकीला घेतील.

मी विचारलं, "पक्क्या आहेत म्हणाला होतात ना?"

"पक्क्या समजा असं म्हणाले होते मी. समजा."

समजा! हा शब्द आहे की सुरी? माझ्या लोकांनी 'समजा'वर जहाजं पकडली, या देशाच्या युद्धांत पोरं पाठवली, डब्यांत मासे भरले. तुम्ही आमचे समजा. तुमचं होईल समजा. एकाच ताटावर दोन भुकेल्यांना बसवायचं आणि एकाचीच भाकरी वाढायची, मग दोघं कसे वागतात ते वही घेऊन बघायचं. याला ते निवड म्हणतात. मी हे सगळं बाईंना ऐकवलं. त्यांचे डोळे भरले, म्हणाल्या, "हे तू समितीपुढे बोल, आइलिनी. असंच."

फुआतिनो दाराशी उभी होती. ती म्हणाली, "एकत्र का बसवणार?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही एकमेकींचं कसं ऐकता ते त्यांना बघायचंय."

२२ मार्च

गोदामाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फुआतिनोबरोबर जेवले. मी सगळं ठरवलं आहे आणि तिला सांगितलं. आपण दोघी तिथे ओरबाडणार नाही. त्यांना वाटत असेल की एक भाकरी टाकली की दोन कोंबड्या भांडतील. आपण सामोअन आहोत. आपण त्यांना फाआताऊ दाखवू.

"म्हणजे?"

"म्हणजे ते विचारतील, जागा तुलाच का द्यावी. मी उठून म्हणेन, फुआतिनो माझ्याहून लायक आहे, तिला द्या. तू म्हणशील, नाही, आइलिनीला द्या. मी पुन्हा तुला, तू पुन्हा मला. त्यांच्या जन्मात त्यांनी असं काही पाहिलं नसेल. लाजतील. कदाचित दुसरी जागासुद्धा काढतील कुठून तरी."

"आणि नाही काढली तर? शेवटी?"

"शेवटी काय. जिला बोलणं जमतं ती पुढे होईल."

"म्हणजे तू."

"अगं, तू काय नि मी काय!"

तिने उकडलेल्या तारो कंदाचा तुकडा संपवला. मग म्हणाली, "आइलिनी, ते लोक आपल्यासारखं नाही समजणार. तिथे जे म्हटलं ते म्हटलं."

"समितीत डॉक्टर तौवेला आहेत. आपल्यातले, आपल्या रीतींवर पुस्तक लिहिलेले. ते समजावतील."

"आपण आपापलं बोललो तर नाही का चालणार?"

मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. तिने डबा बंद केला.

खरं सांगायचं तर, आणि इथे खरं नाही सांगायचं तर कुठे, ही माझी शेवटची संधी आहे. छत्तीस वर्षांची आहे मी. कंबर फोर्कलिफ्टने खाल्ली. ती बावीसची, तिला पुढच्या वर्षी मिळेल, त्याच्या पुढच्या वर्षी मिळेल. हे मी तिला बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, तिला कळतं.

९ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

लांब टेबल. पलीकडे चौघं. मध्ये अध्यक्षीणबाई, कडेला डॉक्टर तौवेला. त्यांच्या कोटाला फुलाची पिन. मी सामोअनमध्ये नमस्कार केला, त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग बाईंनी विचारलं, "ही जागा तुम्हाला का मिळावी? कुणीही सुरुवात करा."

मी उभी राहिले. इंग्रजीत बोलले, पण रीत सामोआचीच होती. म्हटलं, "माझ्या शेजारी बसलेली ही मुलगी माझ्याहून तरुण आहे, माझ्याहून हुशार आहे. तिची आई दुसऱ्यांचे मजले पुसते आणि ही त्या मजल्यांवर बसून अभ्यास करते. तिच्यासमोर मी स्वतःसाठी काही मागावं हे मला शोभत नाही. ही जागा फुआतिनोची आहे. तिला द्या."

मी इतकं चांगलं क्वचित बोलले असेन. मी खाली बसले आणि तिची वाट पाहिली.

फुआतिनो उठली. माझ्याकडे वळली. मान खाली, हात जोडलेले, अगदी हॉलमध्ये उभी राहायची तशी. म्हणाली, "फाआफेताई, आइलिनी." आभार.

मग ती त्यांच्याकडे वळली आणि स्वतःबद्दल बोलू लागली.

मला आधी वाटलं ही फिरवून आणते आहे. मी हसून वाट बघत राहिले. ती म्हणाली, तिला समुद्राच्या तळाचं रसायनशास्त्र शिकायचंय. बंदराच्या गाळात जुनी विषं बसली आहेत, धक्क्यावर पाट्या आहेत की अमुक मासे खाऊ नका, तिचे आजोबा इंग्रजी वाचत नव्हते, ते त्या पाटीला टेकून गळ टाकायचे आणि घरात सगळे ते मासे खायचे. गाळाचे नमुने कसे काढतात, थरांवरून साल कसं ओळखतात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने काय करून पाहिलं, सगळं सांगितलं. मध्ये अडखळली, शब्द शोधला, सापडला.

गाळ! दोन वर्षं माझ्या गाडीत बसली आणि गाळाचं एक अक्षर नाही काढलं.

बोलून झाल्यावर ती खाली बसली. मला परत काही दिलं नाही. अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आइलिनी, आणखी काही?" मी डॉक्टर तौवेलांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. आणखी काय बोलणार? आता 'मला द्या' म्हटलं असतं तर मी खोटी ठरले असते. मी म्हटलं, "नाही."

१० एप्रिल

मिसेस आरियागांचा फोन. जागा फुआतिनोला. "तुझं मन केवढं मोठं आहे गं! समितीतले दोघं तुझ्या बोलण्याने रडले." मग म्हणाल्या, मे महिन्यात देणगीदारांचं जेवण आहे, तिथे मी या वर्गाबद्दल बोलावं. औदार्यावर. त्यांनी विषयसुद्धा ठरवून ठेवलाय.

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी भाषणाला नाही म्हटलं. म्हटलंसुद्धा नाही, नुसता ठेवला.

१२ एप्रिल

फुआतिनो आईबरोबर धुलाईच्या दुकानात असते शनिवारी. तिथे गेले. तिची आई मला बघून उठली आणि नाण्यांचं यंत्र शोधायच्या निमित्ताने बाहेर गेली. म्हणजे घरात बोलणं झालेलं होतं.

मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"तू दिलंस, मी घेतलं."

"ते देणं नव्हतं! तो मान होता. तुला मी स्वतः शिकवलं, कसं परत द्यायचं ते!"

"हो. दर वेळी मीच परत द्यायचे."

"तो सराव होता."

"आइलिनी, तुझं खरं कुठलं आणि भाषण कुठलं, मला कसं कळणार? तू मला गाडीत बसवतेस तेही भाषणच असतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. आपापलं बोलू का म्हणून विचारलं होतं."

"तेव्हाच सरळ सांगायचंस की तुला हवी आहे!"

"तू विचारलंस कधी?"

मी म्हटलं, तू साप आहेस. सगळं दुकान ऐकत होतं. यंत्रं फिरत होती आणि माणसं थांबली होती. ती चादरीची दोन टोकं धरून उभी राहिली. दुसरी दोन धरायला कुणी नव्हतं, तरी घडी घालत राहिली. रडली नाही. रडली असती तर मी कदाचित बसले असते.

मी जे बोलले त्याबद्दल मला वाईट वाटतं का? वाटतं. पण साप शब्दाबद्दल. बाकीचं खरं होतं.

१७ एप्रिल

डॉक्टर तौवेलांना भेटायला टेकडीवर गेले. ऑफिसात सियापोचं कापड टांगलंय, झाडाच्या सालीचं, काळं-तांबडं, आपल्या बायकांनी कुटलेलं. त्याखाली बसून ते मला म्हणाले, "बस."

"सर, तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

ते चष्मा पुसत राहिले. "मी त्या टेबलावर एकटाच आहे, आइलिनी. मी तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, हा आपल्या लोकांसाठी नियम वाकवतो. दोन्ही मुली आपल्याच होत्या, तरीही म्हणाले असते."

"म्हणून तुम्ही ग्लास बघत बसलात."

"बघ, तुझ्या त्या मुलीचं काम चांगलं आहे. तिला घेतलं याचं मला वाईट वाटत नाही."

"मी तिच्याबद्दल विचारत नाहीये. तुमच्याबद्दल विचारतेय."

मग मी बोलले. माझ्यात जेवढं होतं तेवढं सगळं. म्हटलं, हे कापड भिंतीवर टांगायला तुम्हाला आवडतं, कारण ते बोलत नाही. आमची रीत तुमच्या पुस्तकात छापायला चालते, आणि तुमच्या डोळ्यासमोर ती रीत एका बाईचा गळा कापते तेव्हा तुम्ही पाणी पिता. तुम्हाला त्या टेबलाशी बसवलं ते आमच्यातले म्हणून, आणि तिथे टिकलात ते आमच्यातले नसल्यासारखे वागून.

त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी अर्ज कर. मी शब्द टाकतो."

"कुठे? ग्लासात?" म्हटलं आणि उठले.

जिन्यात पोचल्यावर कळलं की पुढच्या वर्षीच्या त्या दारालाही मीच लाथ मारली. असो. असो कसलं, पायऱ्यांवर बसून राहिले.

१८ एप्रिल

पापांना आज सगळं सांगितलं. आठवडाभर टाळत होते. वाटलं होतं, ते काठी आपटतील, फुआतिनोच्या बापाकडे जातील, कुटुंबाचा अपमान झाला म्हणतील.

त्यांनी विचारलं, "तू तिला जागा दिलीस, ती मनापासून दिलीस का?"

"पापा, मनापासून कोण देतं? तुम्ही देत होतात?"

"मी देत होतो."

"खोटं. तुम्ही कधीच मागे सरला नाहीत. सगळा जिल्हा सांगतो."

"सरलो की. दुसऱ्या सरदाराला, तुफूलेला, दिली होती काठी, तुझ्या जन्माच्या साली. दिली तेव्हा माहीत होतं की तो ठेवून घेईल. म्हणूनच जड होती." मग म्हणाले, "तू हलकी वस्तू दिलीस, पोरी. तिने जड समजून उचलली. आता भांडण कशाचं?"

मी म्हटलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? ते म्हणाले, कोको कर.

माझ्या स्वतःच्या बापानेसुद्धा! या घरात मला न्याय मिळत नाही, कॉलेजात मिळत नाही, टेकडीवर मिळत नाही. मग मी वकील कुणाची होणार होते?

३ मे

काही लिहिण्यासारखं नाही. गोदामात जास्तीची पाळी घेतली. फुआतिनो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आता. मी पुढे असते, म्हणून दिसत नाही.

मिसेस आरियागांच्या देणगीदारांच्या जेवणात म्हणे माझी गोष्ट त्यांनीच सांगितली. माझं नाव घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि धनादेश लिहिले. कदाचित पुढच्या वर्षी दोन जागा होतील. माझ्या गोष्टीवर कुणीतरी जाईल.

१५ जून, रविवार

आज फुआतिनोचा निरोप होता. प्रार्थनेनंतर हॉलमध्ये जेवण, डुकराचं मांस, तारो, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, सगळं. पाद्रींनी महिन्याआधीच ठरवलं होतं की चर्चतर्फे मी बोलायचं. ते कसं बदलणार? दोघींचं काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर कुणी उठून जात नव्हतं.

मी भाषण तयार केलं होतं. आठवडाभर गोदामात मनात घोळवलं होतं. त्यात तिचं कौतुक होतं, आणि प्रत्येक कौतुकात एक काटा. जाणणाऱ्याला टोचला असता, बाकीच्यांनी टाळ्या दिल्या असत्या. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण होतं ते.

पाद्री उठले, माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मला बोलायचंय."

फुआतिनो. पांढऱ्या पोशाखात, गळ्यात मुलांनी घातलेले हार. म्हणाली, "माफ करा. माझ्याबद्दल आज मी बोलते."

पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहिलं. पापांनी पाहिलं नाही, ते हाड चोखत होते. मला मान द्यायचा होता की जागा, की दोन्ही, मला कळलंच नाही. मी बसले.

ती सामोअनमध्ये बोलली. तिचं सामोअन मोडकं आहे, मोठ्यांसाठीचे शब्द आणि धाकट्यांसाठीचे शब्द तिने सरमिसळ केले, पोरं खुसखुसली. ती थांबली नाही. आजोबांबद्दल बोलली, त्यांचा गळ, ती पाटी. आईचे हात. हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणाकुणाच्या घरी कोणत्या धक्क्यावरचे मासे येतात, नावं घेऊन सांगितलं, आणि म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात मी बाटल्या घेऊन येईन, तुमच्या मुलांना घेऊन तळाचा गाळ काढीन, कुणी हसायचं नाही. तरी लोक हसले. मग रडले. मी बघत होते: ज्या ठिकाणी मी आवाज चढवला असता तिथे ती हळू होत होती आणि सगळे पुढे वाकत होते.

माझं नाव एकदाही घेतलं नाही. गाडी नाही, अभ्यास नाही, फाआताऊ नाही. दोन वर्षं मी होतेच कुठे? कृतघ्न. हाच शब्द लिहिते आणि खोडणार नाही.

आणि चांगली बोलली. तेच मला माफ करता येत नाहीये.

माझ्या शेजारी म्हातारी तालिगीबाई बसली होती. तिला या सगळ्यातलं काही ठाऊक नाही, कान अधू आहेत, तिच्यापर्यंत गोष्टी उशिरा पोचतात. रुमालाने डोळे पुसत तिने मला कोपराने ढोसलं. "काय बोलली गं पोर! इतकी वर्षं कुठं होता हिचा आवाज?"

सगळं टेबल टाळ्या वाजवत होतं. मी तिची ताटली उचलली आणि तारो आणायला गेले.